बोललेले दान आणि दिलेले दान

आपल्या मराठीत नवस बोलतात आणि पुढे तो फेडतात. ‘फेडणे’ हा शब्द एरवी आपण कर्जाला वापरतो. म्हणजे तोंडातून शब्द गेला की माणूस ऋणको झाला, अशी आपल्या भाषेचीच समजूत आहे. तुळजापूरच्या वाटेवर उभे राहून पाहावे. कुणी दंडवत घालीत चालले आहे, कुणी भर उन्हात अनवाणी चालले आहे. विचारले तर उत्तर एकच : ‘बोललो होतो, फेडायला निघालो.’ नवस बुडवावा असे चांगल्या बिलंदर माणसालाही वाटत नाही.

आता दुसरे चित्र पाहा. गावात शाळेची खोली बांधायची आहे. देवळासमोर सभा भरते, कर्णा लागतो. एकाने आकडा जाहीर केला की दुसरा त्यावर सवाई करतो, मुंबईला नोकरीला असलेल्या भावाचे नाव तिसरा परस्पर पुढे करतो. टाळ्या पडतात, नारळ फुटतो. वर्षभराने मुख्याध्यापक पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडत असतात आणि भिंती जोत्याच्या वर आलेल्या नसतात. बोलणारी माणसे तीच, जी नवस बुडवीत नाहीत. देवीचे भय असते, शाळेच्या खोलीचे भय कोणाला, असे म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येईल. पण त्या खोलीत बसायची मुले अजून झाडाखाली बसलेली असतात, म्हणून जरा नीट विचार करू.

प्रश्न असा की, दान आधी बोलून घेतल्याने वाढते की बोलण्यातच विरून जाते? वर्गणी जमवणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, माणूस भावनेत आहे तोवर आकडा टाकून घ्या. दुसरा म्हणतो, उधारीचे पोते सव्वा हात रिते, मिळतील ते पाच रुपये रोख घ्या आणि उठा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या प्रश्नावर परदेशांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत आणि त्यांतून दोन्ही पक्षांना थोडे थोडे खरे ठरवणारे काही हाती आले आहे.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्टीव्हन शेरमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केलेला एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. काही लोकांना दूरध्वनीवरून सरळ विचारले, ‘कर्करोग संस्थेसाठी तीन तास वर्गणी गोळा कराल का?’ शंभरांत चारच जण तयार झाले. दुसऱ्या गटाला नुसते विचारले, ‘समजा, उद्या कुणी असे काम सांगितले, तर कराल का?’ हे वचनसुद्धा नव्हे, नुसता अंदाज. शंभरांत सुमारे अठ्ठेचाळीस जण म्हणाले, करू की! मग काही दिवसांनी याच लोकांना खरोखरची विनंती केली, तेव्हा शंभरांत सुमारे एकतीस तयार झाले. आता याचा अर्थ कसा लावायचा? अठ्ठेचाळीस बोलले आणि एकतीस उतरले, म्हणून माणसे खोटी, असा एक अर्थ. न बोलता चार मिळाले असते ते बोलल्यामुळे एकतीस मिळाले, हा दुसरा. मला दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो, पण पहिला पुसून टाकता येत नाही. कॉर्नेल विद्यापीठातही असेच दिसले. धर्मादाय फूलविक्रीत निदान एक फूल तरी घेऊ, असे शंभरांतल्या त्र्याऐंशी विद्यार्थ्यांनी आधी सांगितले होते. घेतले त्रेचाळिसांनी.

थोडक्यात, बोलण्याने दान वाढते, पण बोललेल्याइतके वाढत नाही. मधली जी गळती होते ती कोठे होते आणि कशाने होते, हे पाहायचे तर परदेशात जायला नको. एवढा मोठा प्रयोग आपल्याच देशात, आपल्याच एका मराठी माणसाने पायी हिंडून केलेला आहे. तो म्हणजे भूदान.

१९५१ सालच्या एप्रिलमध्ये विनोबा भावे तेलंगणातल्या नळगोंडा जिल्ह्यात हिंडत होते. जमिनीवरून तिकडे रक्त सांडत होते. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात हरिजन वस्तीने त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी जमलेल्या लोकांकडे वळून विचारले, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने उभे राहून शंभर एकर देऊ केले. तेथून ती यात्रा सुरू झाली. तेलंगणातल्या त्या पहिल्या दोन महिन्यांतच बारा हजार एकर जमीन बोलली गेली. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, तमिळनाडू असे करीत १९५८ साली विनोबा महाराष्ट्रात आले आणि त्या वर्षीचे सर्वोदय संमेलन आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरास भरले. सर्व धर्मांच्या माणसांना बरोबर घेऊन ते विठ्ठलाच्या देवळात गेले, ते याच वेळी.

उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. प्रत्यक्षात बोलली गेली ती चाळीस लाख एकरांहून अधिक. हा आकडा केवढा, हे लक्षात यावे म्हणून सांगतो : आपला सबंध सोलापूर जिल्हा, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, सुमारे सदतीस लाख एकरांचा आहे. म्हणजे कसलीही सक्ती नसताना, एका कृश म्हाताऱ्याच्या शब्दाखातर, लोकांनी सोलापूर जिल्ह्याहून मोठा मुलूख देऊ केला. जगाच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. आणि १९७० च्या सुमारास हिशेब पाहिला तेव्हा भूमिहीनांच्या हाती प्रत्यक्ष पडलेली जमीन होती बारा-तेरा लाख एकर. म्हणजे जिल्ह्याचा तिसरा हिस्सा. बिहारात तर वीस लाखांहून अधिक एकर बोलले गेले होते, वाटप झाले अडीच-तीन लाखांच्या आसपास.

मग बाकीची जमीन गेली कोठे? दाते लबाड होते, हे सोपे उत्तर झाले. काही होतेही. कुणी नदीचे पात्र दिले, कुणी नांगर लागणार नाही असा खडक दिला, कुणी भाऊबंदांशी कोर्टात वाद चालू असलेली जमीन देऊन पुण्य आणि सूड एकदमच साधला. पण बहुतेकांनी बोलताना मनापासूनच बोलले असावे. अडचण पुढच्या पायरीवर आली. सभेत माणूस म्हणतो, ‘पाच एकर दिली.’ कोणती पाच? कोणत्या गटातली? तिच्या चतुःसीमा काय? सातबाऱ्यावर नाव एकट्याचे आहे की चार भावांचे? तिच्यावर सोसायटीचा बोजा आहे का? शेती कसणाऱ्या श्रोत्यांना हे सांगायला नको की जमीन तोंडाने जात नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराचे दान करायचे तर नोंदणीकृत दानपत्र लागते. त्यातून वाट काढण्यासाठी राज्यांना भूदानाचे खास कायदे करावे लागले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता, तेथे असा कायदा १९५३ साली झाला. दानपत्र, चौकशी, मोजणी, फेरफार, ताबा, एवढ्या पायऱ्या उतरल्यावर ती जमीन भूमिहीनाची होणार. आणि तोवर सभा संपलेली, विनोबा पुढच्या मुक्कामी, कार्यकर्ते त्यांच्याबरोबर. मागे त्या गावात थांबून तलाठ्याकडे खेपा घालणारा माणूस उरला नाही. दान मागायला हजारो पाय चालले, ते पोचवायला फार थोडे उरले.

यात आणखी एक मेख आहे आणि ती शाळेच्या वर्गणीलाही लागू पडते. जो मान द्यायचा तो बोलतानाच देऊन टाकलेला असतो. टाळ्या, हार, वर्तमानपत्रातले नाव हे सगळे जाहीर करण्याच्या क्षणाला चिकटले. रात्री घरी गेल्यावर बायको विचारते, मुलगे गप्प होतात, आणि उद्याच्या पायरीवर नुकसान तेवढे शिल्लक राहते, मान काही शिल्लक नसतो. कार्यकर्त्यांचेही तसेच. आकडे वर पाठवायचे होते, आणि आकड्यात बोललेला एकर व कसलेला एकर सारखाच दिसतो.

हे सारे सर्वांत निर्भयपणे पाहिले असेल तर ते जयप्रकाश नारायणांनी. या चळवळीला त्यांनी १९५४ साली आपले जीवनच दान केले होते. पुढे भूदानाचे ग्रामदान झाले आणि १९६९ साली सबंध बिहारचेच दान झाल्याची घोषणा झाली. दुसऱ्याच वर्षी मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या मुसहरी भागात सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांच्या धमक्या आल्या, तेव्हा जयप्रकाश स्वतः तेथे जाऊन राहिले आणि गावोगाव हिंडले. दान झालेल्या त्या गावांतले दान बहुतेक कागदावरच होते. ज्यांना जमीन मिळायची होती ते वाट पाहत बसलेले होते, आणि वाट पाहून थकलेल्यांच्या कानी दुसरे लोक दुसरे काही सांगत होते. न पोचलेले वचन म्हणजे नुसते शून्य नव्हे. ज्याला ते दिले त्याच्या मनात ते उणे होऊन बसते.

आता कुणी विचारील, बोललेली वर्गणी वसूल करायला कायदा नाही का? आहेही आणि नाहीही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मोबदल्याशिवाय दिलेले वचन सामान्यतः कोर्टात टिकत नाही. पण १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक गमतीदार प्रकरण आले. हावड्याला नगरभवन बांधायचे होते, त्यासाठी एका गृहस्थाने वर्गणीच्या यादीत शंभर रुपयांचा आकडा घातला. यादीच्या भरवशावर मंडळींनी ठेकेदाराशी करार केला, आणि गृहस्थ देईना. न्यायालयाने त्याला पैसे द्यायला लावले, कारण त्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्यांनी अंगावर जबाबदारी घेतली होती. उलट १९१४ साली अलाहाबादला मशिदीच्या दुरुस्तीसाठी बोललेल्या पाचशे रुपयांचा दावा टिकला नाही. तेथे काम सुरूच झालेले नव्हते. तेव्हा कायदाही तेच विचारतो, जे गावकरी विचारतो : शब्दावर काही उभे राहिले का? अर्थात शंभर रुपयांसाठी शेजाऱ्याला कोर्टात ओढावे असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्या खेपेला त्या गावात वर्गणी मागायला तोंड राहील काय?

कोर्टापेक्षा आपली जुनी रीत शहाणी होती. बलुतेदार आपला वाटा मागायला खळ्यावर यायचा. रास समोर पडली आहे, मालकाचे मन भरलेले आहे, आणि धान्य अजून पेवात गेलेले नाही. तीच वेळ. आपल्याकडे पीक रब्बीचे. शाळूची काढणी, मळणी माघ-फाल्गुनात. आषाढात सभा घेऊन ‘आत्ता काय देता?’ असे विचारले तर शेतकरी खिसा चाचपणार, आणि त्याचे काही चुकतही नाही. पण ‘शाळू निघाल्यावर काय द्याल?’ असे विचारले तर तो मोकळ्या मनाने आकडा सांगतो. या मोकळेपणाचेही माप घेतले गेले आहे. स्वीडनमध्ये एका संस्थेला दरमहा देणगी देणाऱ्यांना आना ब्रेमन या संशोधिकेने दोन गटांत विभागले. एका गटाला म्हटले, आजपासून देणगी वाढवा. दुसऱ्याला म्हटले, दोन महिन्यांनी वाढवा, होकार मात्र आज द्या. दुसऱ्या गटात वाढ बत्तीस टक्क्यांनी अधिक निघाली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

पण येथे थांबून एक गोष्ट पाहा. त्या स्वीडिश दात्यांचे पैसे बँकेतून दरमहा आपोआप वळते होत होते. दोन महिन्यांनी त्यांना काही करायचे नव्हते. भूदानातल्या दात्याला मात्र सगळेच नंतर करायचे होते. दोघेही आधी बोललेच. फरक पडला तो मागाहून येणाऱ्या माणसाचा. स्वीडनमध्ये तो माणूस म्हणजे बँक होती, खळ्यावर तो बलुतेदार होता, आणि पुष्कळशा भूदानी गावांत तो कोणीच नव्हता. म्हणून शाळासमितीने आकडे लिहून घेताना शेजारी दोन रकाने जास्त आखावेत, असे मी सुचवतो. एकात वायद्याची तिथी, दुसऱ्यात त्या दिवशी कोण जाणार त्याचे नाव. आणि जाणारा माणूस वसुलीदार वाटू नये. जेम्स आंद्रेओनी आणि मार्टा सेरा-गार्सिया या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे प्रयोगातून दाखवले आहे की, ज्यांनी देण्याचे वचन दिले त्यांचे मधल्या काळात मनापासून आभार मानले, तर वचन मोडणाऱ्यांची संख्या चांगलीच घटते. आपण आभार पावती फाडल्यावर मानतो. ते बोलल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मानावेत. मुलांनी लिहिलेले एक कार्ड त्याला पुरते.

आणि कर्ण्यावरची यादी? ती वाचावी, पण दोनदा वाचावी, बोलल्याची एकदा आणि दिल्याची एकदा. हार मात्र दुसऱ्या खेपेला. पंढरपूरच्या मंदिरात चौऱ्याऐंशीचा म्हणून जो शिलालेख आहे, तो १२७३ ते १२७७ या काळातल्या देणग्यांची यादीच आहे. राजा रामदेवराय यादवापासून साध्या भक्तापर्यंतची दाने त्यात आहेत. लोक त्या दगडाला पाठ घासत आले आहेत. दगडावर नाव कोरायचे ते दिल्यावर, हा नेम पाळला तर आपल्या शाळांच्या कोनशिलाही थोड्या लहान होतील.

मोठ्या आकड्याचे वचन टिकत नसेल तर लहान आकड्याचे रोजचे वचन टिकते का? येथे आपला अनुभव बराच चांगला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाने मोठा हात दिला. घरच्या बाईने दळण काढताना एक मूठ धान्य बाजूला ठेवायचे, बस. हे वचन पुढे ढकलण्याइतके मोठेच नाही. जाते रोज फिरणार, मूठ रोज निघणार. विनोबांनीही मागाहून सर्वोदय पात्र काढले, ते असेच. घरात एक भांडे, त्यात रोज घरातल्या लहान मुलाने आपल्या हाताने मूठभर धान्य टाकायचे. मुलाचीच मूठ का? लहान मूठ घराला जड होत नाही, आणि मूल वडिलांना विसरू देत नाही. ही दुसरी गोष्ट शिक्षकांना अधिक पटेल.

उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्याचे वचनही आपल्याकडे नवे नाही. २००९ साली ऑक्सफर्डमध्ये काही तरुण मंडळींनी मिळकतीचा दहावा हिस्सा जन्मभर देण्याची प्रतिज्ञा सुरू केली, पुढच्याच वर्षी बिल गेट्स आणि वॉरेन बफे यांनी धनिकांकडून निम्म्या संपत्तीचा शब्द घ्यायला आरंभ केला. विनोबांनी १९५२ सालीच संपत्तिदान म्हणून सहावा हिस्सा मागितला होता. त्यात पैसा दात्यानेच जवळ ठेवायचा, सांगितलेल्या कामी स्वतःच खर्च करायचा आणि वर्षाला हिशेब कळवायचा. कल्पना फार उदात्त, पण मागाहून येणारा माणूस येथे दात्याचे मन हाच होता. भूदानाइतके ते फोफावले नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

शेवटी एका अशा वचनाविषयी सांगतो, जे फेडायला बोलणारा हजरच नसतो. नेत्रदानाचे आणि अवयवदानाचे अर्ज आपल्याकडे शिबिरांतून मोठ्या संख्येने भरले जातात. देशात अशा संकल्पांची संख्या लाखांत आहे, आणि मरणोत्तर अवयवदाते मात्र २०२३ आणि २०२४ साली हजार-अकराशेच्या घरात होते. प्रत्येक मरणानंतर अवयव घेता येत नाहीत, तो भाग वेगळा. डोळ्यांचे तसे नाही. चष्मा असलेल्याचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्याचे, म्हाताऱ्याचेही डोळे बहुधा चालतात. पण ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, आणि घरच्यांची संमती असल्याशिवाय डॉक्टर पुढे होत नाहीत. अर्ज ट्रंकेत, कार्ड पाकिटात, आणि घरात ज्याला ते ठाऊक होते तो एकटाच गेलेला. म्हणून अर्जापेक्षा घरातल्या दोघांना सांगून ठेवणे महत्त्वाचे. त्यांतला एक जण रडण्यातून उठून दूरध्वनी करील असा असावा. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवावा. प्रसंग आलाच तर खोलीतला पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, आणि डोक्याखाली उशी देऊन ते जरा उंच ठेवायचे. डॉक्टर घरी येतात, अर्ध्या तासात काम होते, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीला उशीर होत नाही.